पेटीतला की गच्चीवरचा?

निवृत्तीनंतर नवी ओळख झाली की माणसं विचारतात, "तुम्ही काय करत होता?" रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो म्हटलं, की पुढचा प्रश्न पेन्शनचा येतो आणि गप्पा तिथेच आटोपतात. म्हणून हल्ली मी "रंगारी होतो" असं सांगतो. मग माणूस खुर्ची जवळ ओढतो आणि विचारतो, "कसला रंग?"

हे खोटंही नाही. नेरला आमचं रंगाईचं दुकान होतं. अब्बा ओढण्या, जुन्या साड्या, लग्नातली अस्तरं रंगवून द्यायचे. अंगणातल्या दोऱ्यांवर ओले दुपट्टे टांगलेले असायचे आणि त्यांच्याखालून शाळेत जाताना माझ्या पांढऱ्या शर्टावर रोज एखादा नवा ठिपका पडायचा. मास्तर ठिपका बघून सांगायचे की आज दुकानात कोणता रंग चालू आहे.

रंगाचा नवा डबा आला, की तो गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावायचा नाही, हा अब्बांचा नियम. आधी मांजरपाटाचा एक तुकडा रंगवायचा आणि मधून फाडायचा. अर्धा पत्र्याच्या पेटीत, अर्धा गच्चीवर उन्हात. उन्हाळा सरला की अम्मी दोन्ही अर्धे ओढणीखाली घेऊन उलटसुलट करायची आणि अब्बांसमोर धरायची. "पेटीतला की गच्चीवरचा?" अब्बा क्षणभर बघत आणि बोट ठेवत: "हा गच्चीवरचा." ते नेहमी बरोबर असत. त्यांनी ओळखला, म्हणजे रंग थोडा तरी उडाला. मग डब्याचं काय करायचं ते ठरे. थोडा उडाला तर अस्तरांना, जास्त उडाला तर परत. आम्हा भावंडांना तो खेळ वाटायचा. अब्बांनी एकदा तरी चुकावं म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसायचो, पण ते कधी चुकले नाहीत.

मी शिकलो, यवतमाळच्या कॉलेजात लागलो आणि फिरून रंगांपाशीच आलो. माझे रंग कपड्यासाठी नव्हते, उन्हातून वीज काढणाऱ्या काचांसाठी होते. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं आहे. पण रंग पक्का है क्या?" पुढची वीस-पंचवीस वर्षं ते मला एवढा एकच प्रश्न विचारत राहिले, आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या धंद्याचा प्रश्नही तेवढाच होता.

धंदा थोडक्यात सांगतो. एक काच घ्यायची, जिच्या एका अंगावरून वीज वाहू शकते. तिच्यावर पांढऱ्या पुडीचा थर द्यायचा. ही पूड भिंतीच्या रंगात असते, टूथपेस्टमध्येही असते. थर भट्टीत भाजला की त्याला बारीक बारीक भोकं पडतात. मग ती काच रंगाच्या पाण्यात बुडवायची. रंगाचा एकेक रेणू त्या भोकांत जाऊन पुडीच्या कणांना चिकटतो. ऊन पडलं की रेणू उन्हाचा धक्का घेतो आणि आपल्याकडचा एक इलेक्ट्रॉन पुडीत फेकतो. तो तारेतून बाहेर फिरून येतो, आणि काचेमागे भरलेलं आयोडिनचं द्रावण रेणूला त्याचा इलेक्ट्रॉन परत देतं. रेणू पुन्हा तयार. कपड्याच्या रंगाने उन्हाला नुसतं सोसायचं असतं. आमच्या रंगाने सोसायचंही आणि दर वेळी काही देऊन मोकळंही व्हायचं.

असा रेणू आखायचा म्हणजे तीन भाग जुळवायचे. एका टोकाला देणारा, दुसऱ्या टोकाला ओढणारा आणि मध्ये पूल. बांधकामावर घमेली हातोहात वर जातात ना, तसा इलेक्ट्रॉन या पुलावरून सरकतो. ओढणाऱ्या टोकाला एक पाय लावावा लागतो, पुडीला घट्ट धरून उभं राहायला. पूल लांब केला की रंग लालकडून जांभळ्याकडे जातो, आखूड केला की पिवळा होतो. रेणू फार दाटीने उभे राहिले तर एकमेकांनाच धक्के देतात आणि पुडीत काही पडत नाही, म्हणून त्यांना दोन्हीकडे शेपट्या लावून जरा अंतरावर ठेवायचं. हे सगळं आधी कागदावर. मग महिनोन्महिने बाटल्यांत. आणि मग बहुतेक वेळा पुन्हा कागदावर.

हे चाललं होतं ते दिवस कापसाच्या वाईट दिवसांचे. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी येत नव्हतं. बोंडअळी, पडलेले भाव, खरेदी केंद्रापुढे थांबलेल्या गाड्यांच्या रांगा. बाहेरून कॅमेरे घेऊन पाहुणे यायचे आणि जाताना कॉलेजातही डोकावायचे. अशा वेळी आपण रेणूंना शेपट्या लावत बसलोय याची मला लाज वाटायची. ती लपवायचो, पण वाटायची. त्यातच आमच्या रंगांना शास्त्राच्या भाषेत सेंद्रिय म्हणतात. म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचे, एवढंच. पण तेव्हा सेंद्रिय शेतीची लाट होती. एक सद्गृहस्थ दोनदा येऊन विचारून गेले की तुमच्या रंगात शेण किती टक्के असतं. शेण नसतं हे ऐकून ते दोन्ही वेळा नाराज झाले.

झरी जामणीकडचे आत्रामबाबा मात्र नाराज झाले नाहीत. फुलाच्या रंगातून वीज निघते असं त्यांनी कुठल्या तरी प्रदर्शनात ऐकलं होतं. ते एसटीने पळसाच्या फुलांची पिशवी घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. त्यांच्या पाड्यावर विजेचा खांब नव्हता. आम्ही त्यांच्यासमोर फुलं उकळली, काच बुडवली, उन्हात धरली. मीटरचा काटा जरासा हलला.

"म्हंजे दिवा लागते?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. काटा हलतो फक्त."

त्यांनी काट्याकडे बराच वेळ पाहिलं. काचेवर हात आडवा धरला, काटा पडला. हात काढला, काटा उठला. तीन-चार वेळा करून पाहिलं आणि मोकळेपणी हसले. "मंग हे फूल होळीलेच बरं," म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. आज त्यांच्या पाड्यावर सौर दिवा आहे. तो सिलिकॉनचा आहे. सिलिकॉन स्वस्त झालं आणि आमच्या रंगांना ओलांडून पुढे निघून गेलं. त्याचं दुःख आहे, पण आत्रामबाबांना दिवा मिळाला हे बरंच झालं.

याच काळात वैशाली राठोड माझ्याकडे पीएच.डी.ला आली. महागावजवळच्या तांड्यावरची. घरी कोरडवाहू कापूस, दोन भाऊ पुण्याकडे कामाला गेलेले. तिची फेलोशिप होती म्हणून ती यवतमाळात राहू शकत होती. घरून तिला स्पष्ट सांगितलं होतं की फेलोशिप आहे तोवर शिक, बंद झाली की घरी ये, स्थळ बघून ठेवलंय. स्थळ वाईट नव्हतं, हे तीही सांगायची. "पण सर, त्याईच्या घरी भट्टी नाही," असं ती गंभीरपणे म्हणाली होती. तिला खरोखरच आमच्या भट्टीचं वेड होतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक तिने दारावर चिकटवलं होतं आणि वीज असेल त्या तासांत काचा भाजून घेण्यासाठी ती पहाटेपासून थांबायची.

आमच्याकडे तेव्हा एक जांभळा रंग होता. गच्चीवर उन्हाळा काढून तो अब्बांच्या परीक्षेत जवळजवळ पास झाला होता. तेव्हा अम्मी होती. तिने धरलेल्या काचांतून त्यांनी ओळखला, पण "बहुत देर लगी" अशी कबुली दिली. रंग पक्का होता आणि आळशी होता. वीज कमी द्यायचा. वैशालीने काही फेरफार केले, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. हिवाळ्यात निधी देणाऱ्यांची समिती येणार होती आणि प्रकल्प चालू ठेवायचा की नाही हे ठरवणार होती. प्रकल्प गेला की फेलोशिप गेली.

दसऱ्याच्या सुट्टीत मी नेरला होतो. आमचे प्रयोगशाळा परिचर गजभिये मामा दीक्षाभूमीला, नागपूरला गेले होते. ते असते तर काचा कुलुपात असत्या. वैशाली एकटीच आली, भाजलेल्या काचा भट्टीतून काढून टेबलावर मांडल्या, आणि प्रत्येक काचेला हळदीचं एकेक बोट लावून वर झेंडूचं फूल ठेवलं.

मी परत आलो तेव्हा ती दारातच उभी होती. "सर, याडीनं सांगतलं होतं," ती म्हणाली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "आमच्या घरी नांगरापासून तं फवाऱ्याच्या पंपापर्यंत सगळ्याईले हळद लागते. म्या म्हटलं, आपल्या काचाईनं काय पाप केलं?"

"आणि मग?"

"मंग आठवलं का पांढऱ्या थराले भोकं असते. म्हून स्पिरिटनं धुतल्या."

हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र छान विरघळते. कोपऱ्यातला ठिपका धुऊन निघण्याऐवजी साऱ्या काचेत पसरला होता. टेबलावर ओळीने फिकट पिवळ्या काचा पडल्या होत्या. त्या परदेशातून यायच्या, मागवल्या की महिने लागायचे आणि समितीच्या आधी दुसऱ्या येणं शक्यच नव्हतं. मला राग आला की मी बोलत नाही, चष्मा पुसतो. त्या दिवशी बराच वेळ पुसला.

गजभिये मामांनी तिची बाजू घेतली नाही आणि माझीही नाही. "आता पिवळ्या तं पिवळ्या," ते म्हणाले. "फेकाच्या आधी जांभळ्यात बुडवून पाहाल का नाही?"

दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बुडवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली काच उन्हात धरली आणि मीटरचा काटा नेहमीची जागा ओलांडून पुढे गेला. वैशालीने मीटर बदलला. तरी पुढेच. मी तारा तपासल्या, काच उलटी करून पाहिली, सूर्याकडेही एकदा संशयाने पाहिलं. आम्ही दुपारपर्यंत जेवलो नाही. आयुष्यात आनंदाचे दिवस पुष्कळ आले, पण असं काही तरी घडलंय आणि ते का घडलंय हे ठाऊक नाही, या अवस्थेइतकी मजा मला दुसऱ्या कशात आली नाही.

कारण सापडलं तेव्हा साधं निघालं. आमचा जांभळा रंग उन्हातला हिरवा-पिवळा भाग खायचा आणि निळा सोडून द्यायचा. म्हणून तर तो जांभळा दिसायचा. हळद नेमका निळा भाग खाते, म्हणून ती पिवळी. शिवाय हळदीचा रेणू लहान. जांभळ्या रेणूंच्या मधल्या रिकाम्या जागांत तो जाऊन बसला आणि वाया जाणारं ऊन कामाला लागलं. अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. हळद पक्की आहे का? नव्हती. चार दिवसांत गच्चीवरच्या काचांतली हळद उडून गेली आणि काटा पुन्हा जुन्या जागी आला.

समिती आली. अध्यक्ष कमी बोलणारे होते. वैशालीने ताज्या काचेचा आकडा दाखवला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. तिथेच थांबली असती तर काम झालं असतं, असं मला आजही वाटतं. ती थांबली नाही. तिने उन्हात राहिलेली काच ताज्या काचेच्या शेजारी ठेवली.

"हे तर चार दिवसही टिकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "मग दाखवलं कशासाठी?"

"निळं ऊन घेणारा कोणीतरी लागते, एवढं हळदीनं सांगतलं, सर," ती म्हणाली. "आता टिकणारा आपल्याले बनवा लागन."

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. थंडीच्या दिवसांतही आमच्याकडचं दुपारचं ऊन काही कमी नसतं. ते म्हणाले, "तुमचा पिवळा रंग तुमच्याच गच्चीवर एक उन्हाळा टिकू द्या. टिकला तर पुढे. नाही तर इथेच थांबू." तोवर फेलोशिप चालू राहणार होती, एवढंच.

पुढचे महिने वैशाली कागदावर रेणू काढत आणि खोडत होती. हळदीच्या रेणूच्या मध्यावर ऑक्सिजनची एक जोडी असते, ऊन तिथूनच तो तोडतं. तो मधला भाग नको आणि पिवळेपणा मात्र हवा. म्हणून आखूड पूल, लहानसा देणारा आणि घट्ट पाय. पहिला रेणू नारिंगी झाला आणि जांभळ्याच्याच ताटात जेवायला बसला. दुसऱ्याचा पाय इतका घट्ट निघाला की त्याने जांभळ्याला ढकलून स्वतःच सगळी जागा घेतली. "हा तं सोयरा होऊन आला न मालक झाला," गजभिये मामा म्हणाले. तिसऱ्याच्या शुद्धीकरणाच्या वेळी काचेच्या नळीतून पिवळा पट्टा सावकाश खाली उतरत होता, वीज गेली, पंखे थांबले, आणि आम्ही तिघंही घामाने निथळत त्या पट्ट्याकडे बघत उभे राहिलो. लिंबासारखा स्वच्छ पिवळा. तो जांभळ्याच्या मधल्या जागांत मुकाट्याने बसला.

पट्टीभर काचेवर नुसता पिवळा चढवून ती मधून कापली. काच कापायच्या हिरकणीने दोन्ही अर्ध्यांच्या मागे वेगवेगळी बारीक खूण केली. अर्धी नेरला अब्बांच्या पेटीत गेली, अर्धीत द्रावण भरून, कडा बंद करून तिचा सेल केला आणि तो कॉलेजच्या गच्चीवर ठेवला. वानरांपासून राखायला मामांनी भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. मार्च, एप्रिल, मे. त्या वर्षी मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. वैशाली रोज जाऊन मीटर लावायची. सुरुवातीला आकडा स्थिर होता, मग उतरायला लागला आणि मे संपता संपता काटा जवळजवळ आडवाच झाला.

तिने मला काही सांगितलं नाही. मीच गच्चीवर गेलो तेव्हा ती काट्यांच्या कुंपणापाशी बसली होती. "पाहुणे रविवारी येऊन राह्यले," म्हणाली. स्थळाचे पाहुणे. "याडी म्हणे, आता तं उन्हाळा झाला, काय ते सांग."

मी सेल हातात घेतला. कडेचं लाखेसारखं सील उन्हाने मऊ होऊन सुटलं होतं आणि आतलं आयोडिनचं द्रावण पार आटलं होतं. म्हणजे काटा पडायला द्रावण कारणीभूत की रंग, हे सांगता येत नव्हतं. समितीची अट रंगाची होती. द्रावण नवं भरता येतं, उडालेला रंग भरता येत नाही. दोघांपैकी कोण मेलं एवढंच बघायचं होतं आणि तेच बघायची हिंमत आम्हा दोघांना होत नव्हती.

अब्बा त्याच सकाळी नेरहून एसटीने आले, काळ्या फडक्यात गुंडाळलेली पेटीतली काच घेऊन. त्यांना बोलवावं लागलं नव्हतं. उन्हाळा सरला की हे करायचं असतं, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते सुईत दोराही स्वतः ओवायचे.

वैशालीने खाली प्रयोगशाळेत सेल उघडला, आयोडिनचा डाग जावा म्हणून गच्चीवरची काच स्पिरिटमध्ये खळबळून वाळवली. मग दोन्ही काचा पाठीमागे घेतल्या, उलटसुलट केल्या आणि दोन हातांवर पुढे धरल्या. अम्मी गेल्यापासून हे काम कुणी केलं नव्हतं.

"पेटीतली का गच्चीवरची, चाचा?"

अब्बा दारातल्या उजेडात उभे राहिले. त्यांनी आधी डावी पाहिली, मग उजवी, मग पुन्हा डावी. चष्मा काढून कुडत्याला पुसला. मला लहानपणीचं आठवलं, क्षणभर बघायचे आणि बोट ठेवायचे. आता बोट ठेवायला फार वेळ लागत होता.

"हे गच्चीवरची," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी उजव्या काचेवर बोट ठेवलं.

वैशालीने काच उलटी केली. मागे खूण होती ती पेटीतल्या काचेची.

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चुकताना पाहत होतो. अब्बांनी दोन्ही काचा स्वतःच्या हातात घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या, पुन्हा तिला दिल्या. "एक बार और," म्हणाले. तिने पुन्हा पाठीमागे नेऊन फिरवल्या. या वेळी त्यांनी बोट उचललंच नाही.

"मले नाही सांगता येत, बेटा," ते म्हणाले. डब्याचे डबे परत पाठवणारा माणूस होता तो.

मी घाईघाईने सावधगिरीचं बोलायला लागलो. नवं द्रावण भरू, काटा बघू, नागपूरला पाठवून यंत्रावर मोजून घेऊ, एका माणसाच्या डोळ्यांवर निष्कर्ष काढता येत नाही. वैशाली मान हलवत होती, पण पायात चपला सरकवून ती केव्हाच दारापर्यंत पोचली होती.

"कुठं निघालीस? काटा तर बघ."

"येतो ना सर, पाहाले. आधी घरी फोन करून येतो," ती म्हणाली. "पाहुण्याईले रविवारी येऊ नका म्हना लागन."